चार मिनिटांचा वाडा

मध्यमवर्गीय घरात वस्तू तीन वाटांनी येते. पहिली वाट गरजेची. ती स्वयंपाकघरातून जाते आणि तिला कोणी अडवत नाही. दुसरी वाट आहेराची. त्या वाटेने आलेल्या लेमनसेटांनी आपली कपाटे भरलेली असतात. तिसरी वाट हौशीची. या वाटेवर मात्र दारातच जकात नाका असतो आणि त्या नाक्यावर घरची मंडळी उभी असतात. ‘काय आणलंत?’, ‘कितीला पडलं?’ आणि ‘ठेवणार कुठे?’ या तीन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे दिल्याखेरीज वस्तू उंबरा ओलांडत नाही.

२०२४ च्या पितृपक्षात मी या तिसऱ्या वाटेने एक जुना सिनेमा कॅमेरा घरात आणला. पितृपक्षात नवी वस्तू घेऊ नये, असे आई म्हणते. ही वस्तू साठ-सत्तर वर्षांची जुनी, तेव्हा तिला तो नियम लागू नाही, असा युक्तिवाद मी केला. आईला तो पटला. मंडळींना पटला नाही.

आता तुम्ही म्हणाल, खिशात मोबाईल असताना हा खटाटोप कशाला? मंडळींनीही नेमके हेच विचारले. त्याचे उत्तर असे. आमचा वाडा सदाशिव पेठेतला. मध्ये चौक, मागे आड, वर माडी आणि सगळी मिळून सहा बिऱ्हाडे. विकसकाशी करार झाला होता आणि नोव्हेंबरअखेर जागा मोकळी करून द्यायची होती. मोबाईलवर मी वाड्याची चलच्चित्रे भरपूर घेतली होती. एका रात्री मोजून पाहिली, तर नुसत्या जिन्याचीच एकेचाळीस निघाली! आणि त्या एकेचाळिसांतले एकही आमच्या घरात कोणी दुसऱ्यांदा पाहिलेले नव्हते. फुकट मिळते ते माणूस साठवत जातो. पाहायला बसतो ते मोजके असते तेच.

दुसरीही एक गोष्ट होती, ती सांगूनच टाकतो. त्या करारावरून दादाचे आणि माझे बोलणे बंद होते. कोणाला किती चौरस फूट आणि कोणत्या मजल्यावर, या तपशिलात मी तुम्हांला नेत नाही. अशा गोष्टी प्रत्येक वाड्यात सारख्याच घडतात. दादा कोथरुडात राहतो. सदाशिव पेठेपासून कोथरूड काही लांब नाही, पण त्या वर्षी ते फार लांब गेले होते.

जुन्या बाजारात

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नळाच्या तोट्या, पितळी कुलुपे, बंद पडलेली घड्याळे, जोडीदार हरवलेला बूट, असा सगळा संसार तिथे ताडपत्रीवर मांडलेला असतो. एका रविवारी सकाळी एका म्हाताऱ्या चाचांच्या ताडपत्रीवर, इस्त्री आणि मिक्सरचे भांडे यांच्यामध्ये, तो मला दिसला. दोन ओंजळींत मावेल एवढा, काळ्या कातड्याचा, तोंडावर दोन भिंगांची फिरती चकती असलेला. बोलेक्स बी-८. बनावट स्वित्झर्लंडची.

“चालतो का?” मी विचारले.

“चालू आहे, साहेब.”

“कशावरून?”

“बंद असता तर तुम्ही यायच्या आधीच भंगारात गेला असता. पितळेला भाव आहे.”

या उत्तराने माझे समाधान झाले नाही, पण चाचांबद्दल आदर वाटला. त्यांनी एक स्टूल पुढे सरकवले आणि मी तपासणीला बसलो. तुमच्यापैकी कोणाच्या मनात असा कॅमेरा घ्यायचे असेल, तर ही तपासणी नीट वाचून ठेवा. ती करायला एक पैसाही लागत नाही.

हा कॅमेरा विजेवर चालत नाही. त्याच्या पोटात घड्याळासारखी स्प्रिंग असते. कुशीतली चावी फिरवून ती भरायची आणि बटण दाबायचे. पहिली परीक्षा कानाची. चावी पूर्ण भरून यंत्र सोडावे आणि आवाज ऐकावा. चांगले शिवणयंत्र जसे एका सुरात चालते, तसा तो पहिल्यापासून शेवटपर्यंत यायला हवा. मध्येच अडखळला किंवा शेवटी रडत थांबला, तर स्प्रिंग तरी थकलेली असते किंवा आतले वंगण वाळून घट्ट झालेले असते. या कॅमेऱ्याला सेकंदाला ८ चित्रांपासून ६४ चित्रांपर्यंत वेग आहेत. प्रत्येक वेगावर तो चालवून पाहावा. भिडस्तपणे एकाच वेगावर समाधान मानू नये.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. बाजूचे झाकण उघडले की आत फिल्म जाण्याची वाट दिसते आणि तिच्या मध्यावर एक इवलीशी चौकट. कॅमेरा आभाळाकडे धरून त्या चौकटीतून पाहावे. यंत्र हळू वेगाने चालू असताना पडदा उघडतो-मिटतो, तो लुकलुकताना दिसला पाहिजे. मग भिंग काढून उजेडासमोर धरावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगांना बुरशी फार लवकर लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली, की किंमत निम्मी करावी किंवा उठावे. माझ्या भिंगांच्या कडेला थोडी धूळ होती, नक्षी नव्हती. भिंगे आराऊच्या कर्न कंपनीची. हीच कंपनी जमीन मोजण्याची दुर्बीणयंत्रे करी, तेव्हा नजरेबाबत तिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नव्हती.

तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. आत एक रिकामी चकरी आहे का, ते पाहावे. भरलेल्या चकरीवरून निघालेली फिल्म हिच्यावर गुंडाळली जाते. ती नसेल तर सुंदर कॅमेरा घरी नेऊन नुसता शोकेसमध्ये ठेवावा लागतो. माझ्या कॅमेऱ्यात ती होती. चाचा तिला ‘फिरकी’ म्हणत होते आणि तिचे वेगळे दोनशे रुपये मागत होते!

नऊ हजारांपासून बोलणी सुरू झाली. मी एकदा उठून गेलो, चाचांनी एकदा कॅमेरा कापडात गुंडाळून ठेवला. हे दोन्ही विधी यथासांग पार पडल्यावर साडेसहा हजारांवर सौदा तुटला. फिरकीसकट.

संगीतपेटीचे घराणे

घरी आल्यावर मी या यंत्राचे कूळ शोधले. स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतात सेंत-क्र्वा नावाचे गाव आहे. तिथले पायार हे घराणे १८१४ सालापासून घड्याळे आणि संगीतपेट्या करी. पुढे त्यांनी ग्रामोफोन केले आणि ‘हर्मीस’ नावाची टंकलेखन यंत्रेही केली. झाक बोगोपोल्स्की नावाच्या एका संशोधकाने सिनेमा कॅमेरे बनवले होते. ते काम पायारांनी १९३० मध्ये त्याच्याकडून विकत घेतले आणि बोलेक्स हे नाव त्यांच्या घरात आले. माझा कॅमेरा १९५० च्या दशकातल्या बनावटीचा. चावी भरताना हाताला जो गोड, दाणेदार स्पर्श होतो, त्याचे रहस्य मला तेव्हा कळले. संगीतपेटी करणाऱ्यांच्याच हाताची ही स्प्रिंग आहे!

आता यातल्या फिल्मची गंमत सांगतो, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर अवलंबून आहे. कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये हौशी लोकांसाठी १६ मिलिमीटर रुंदीची फिल्म काढली. ती महाग पडे. मग १९३२ मध्ये, मंदीच्या दिवसांत, त्यांनी एक काटकसरीची युक्ती केली. तीच १६ मिलिमीटरची पट्टी घ्यायची, पण एका खेपेला तिच्या अर्ध्याच रुंदीवर चित्रे उमटवायची. पट्टी संपली की चकऱ्यांची अदलाबदल करून पुन्हा चालवायची. आता उरलेल्या अर्ध्या रुंदीवर चित्रे येतात. फिल्म धुऊन झाली की ती मधोमध उभी चिरायची आणि दोन्ही तुकडे एकापुढे एक जोडायचे. पंचवीस फुटांचे पन्नास फूट झाले! साडी मधोमध फाडून दोन परकर काढणाऱ्या आपल्या आज्या ही युक्ती पाहून खूश झाल्या असत्या. हिला आठ मिलिमीटरची फिल्म म्हणतात. १९६५ मध्ये ‘सुपर एट’ आली आणि हिचे दिवस भरत गेले.

एक चित्र तुरीच्या डाळीएवढे. एका फुटात ८० चित्रे. पन्नास फुटांत ४,०००. सेकंदाला १६ चित्रे, या नेहमीच्या वेगाने हिशेब केला तर २५० सेकंद होतात. चार मिनिटे आणि वर दहा सेकंद. त्यातही एका दमात जास्तीत जास्त अर्धे मिनिट. पुढे स्प्रिंग संपते आणि चावी भरावी लागते. आवाज नाही. घेतलेले लगेच पाहण्याची सोय नाही. पुसून पुन्हा घेण्याची तर नाहीच.

अर्धे मिनिट म्हणजे काही थोडा वेळ नव्हे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा अब्राहम झाप्रुडर नावाचा एक कपड्यांचा कारखानदार अशाच चावीच्या, आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने त्यांची मिरवणूक टिपत होता. त्याच्या फिल्ममध्ये ती घटना जेमतेम २६ सेकंदांची आहे. ४८६ चित्रे. त्यांतल्या एकेका चित्रावर पुढे चौकशी समित्यांनी खल केला.

फिल्म मिळवणे हे कॅमेरा मिळवण्याहून अवघड निघाले. शेवटी झेक देशातल्या फोमा कंपनीचे कृष्णधवल रीळ परदेशातून मागवले. टपालखर्च आणि जकात धरून एका रिळाला पाच हजारांच्या आसपास पडले. हा आकडा ऐकून मंडळी काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे मिनिटाला बाराशे रुपये?”

मी त्यांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. फाळके १९१२ मध्ये विलायतेहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी मटाराचे रोप उगवताना टिपले, थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत. मग १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्याच्याही आधी, १८९९ मध्ये, सावे दादा भाटवडेकरांनी मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती टिपली होती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेराच स्वतः तयार केला. तेव्हा मराठी माणसाला हे वेड नवे नाही.

“सरस्वतीबाई फाळक्यांनी दागिने दिले होते ना त्या सिनेमासाठी?” मंडळींनी विचारले.

“हो.”

“मग एक ध्यानात ठेवा. एकच रीळ.”

पोळीवरची सभा

अशा रीतीने वाड्यासाठी २५० सेकंद मंजूर झाले. त्यांत काय घ्यायचे, हे ठरवायला दसऱ्यानंतर रोज रात्री जेवणाच्या वेळी सभा भरू लागली. आणि इथून माझ्या साडेसहा हजारांचे व्याज सुरू झाले.

मोबाईल असता तर ‘सगळेच घेऊ’ म्हणून आम्ही मोकळे झालो असतो. इथे प्रत्येकाला भांडून जागा मिळवावी लागत होती. मुलीला जिना हवा होता: अंधारा, उभा, कठड्याऐवजी दोर लावलेला. मंडळींना न्हाणीघरातला बंब हवा होता. “लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी त्याच्याशीच झटापट केली होती,” त्या म्हणाल्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली, पण हे मला तेव्हा प्रथम कळले. खालच्या बिऱ्हाडातल्या निवृत्त शिक्षकांनी दारावरची नावांची पाटी घ्या म्हणून सांगितले, कारण तिच्यावर त्यांच्या वडिलांचे नाव अजून होते. ताईच्या मुलाने नाशिकहून फोनवर कळवले, की अनार पेटताना संथ गतीत घ्यायचा. सेकंदाला ६४ चित्रे घेतली की हालचाल चौपट संथ दिसते, हे त्याने कुठेसे वाचले होते. मी त्याला गणित घातले: दहा सेकंदांच्या अनाराला किती सेकंदांची फिल्म लागेल? त्याने ‘चाळीस’ असे बरोबर उत्तर दिले आणि स्वतःच अर्ज मागे घेतला.

आई गप्प होती. ती ब्याऐंशी वर्षांची. तिला विचारले, तर म्हणाली, “नरकचतुर्दशीची पहाट घे. चौकात पणत्या लागतात ना, ती.”

वाड्यात सर्वांत देखणे काही असेल तर ते हेच. पण मी मोबाईलवरच्या प्रकाशमापकाने आदल्याच रात्री चौक मोजून पाहिला होता. माझी फिल्म १०० च्या वेगाची. भिंग पूर्ण उघडले तरी पणत्यांच्या उजेडात ज्योतींचे ठिपके तेवढे उमटले असते. भोवतालची माणसे काळोखात गेली असती. मी आईला तसे सांगितले.

“मग ते डोळ्यांनी बघू,” आई म्हणाली. “सगळंच डबीत कशाला घालायचं?”

त्या पहाटे आम्ही सारे चौकात अर्धा तास नुसते बसून होतो. कोणाच्याही हातात काही नव्हते.

भाऊबीज

चित्रण दिवाळीच्या चार दिवसांत झाले. फिल्म मंद उजेडात, खाटेवर चादर पसरून तिच्याखाली हात घालून, चढवली. पहिल्या पाळीला आडाचा रहाट घेतला, पाटी घेतली, खिडकीतून उजेड येतो त्या वेळेला बंब घेतला. प्रत्येक वेळी आधी चावी भरायची, अंतराचा अंदाज घेऊन भिंग लावायचे, प्रकाश मोजून छिद्र जुळवायचे, खांबाला पाठ टेकायची, श्वास रोखायचा आणि मनात दहा आकडे मोजायचे. दहा सेकंदांच्या चित्रासाठी मी रहाटाकडे पाऊण तास पाहत होतो. त्या रहाटाच्या एका दात्यावर कोणीतरी लोखंडी पट्टी ठोकून तो सांधला आहे, हे पन्नास वर्षे पाणी ओढताना दिसले नव्हते. ते त्या दिवशी दिसले.

आई सकाळी रांगोळी काढत असताना तिला न सांगता घेतले. कॅमेऱ्याचा आवाज ऐकून ती म्हणाली, “मशीन चालू आहे वाटतं,” आणि ठिपके मोजणे तिने सोडले नाही.

भाऊबिजेच्या दिवशी ताई आली आणि दुपारी दादाही आला. ताईने त्याला काय सांगून आणले, ते तिने मला सांगितले नाही. चौकात सावली होती आणि वर आभाळ उजळ होते. फिल्मला हवा तसाच उजेड. फिल्मची शेवटची वीस-पंचवीस सेकंदे शिल्लक होती, ती ताईच्या ओवाळण्यासाठी राखून ठेवली होती. ताईने दोन पाट शेजारी शेजारी मांडले. दादा एकावर बसला. मी कॅमेरा घेऊन खांबापाशी उभा राहिलो.

घरगुती सिनेमांत एक मोठी खोट असते. जो चित्र घेतो तो चित्रात कधीच नसतो. जुन्या आल्बमांत पाहा, ज्या घरात वडिलांच्या हाती कॅमेरा, त्या घरात वडिलांचाच फोटो सापडत नाही.

“बाबा, इकडे दे,” मुलगी म्हणाली. “चावी भरलेली आहे ना? छिद्र आठ? मग तू जाऊन बस.”

ती सगळे पाहून शिकली होती. मी कॅमेरा तिच्या हाती दिला आणि दुसऱ्या पाटावर जाऊन बसलो. मागे ते शिवणयंत्र सुरू झाले. ताईने आधी दादाला ओवाळले, मग मला. दादा समोर पाहत म्हणाला, “हा आवाज थांबेपर्यंत हलायचं नाही का?” ते मला उद्देशून होते की हवेला, हे ठरवता येत नव्हते. मी म्हणालो, “हललास तरी चालेल. सिनेमा आहे.” पाच महिन्यांतले आमचे ते पहिले बोलणे. त्या फिल्ममध्ये आवाज नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

काळोखातले स्वयंपाकघर

आता फिल्म धुणे. या कामी एक काका भेटले, हे आमचे भाग्य. मुंबईच्या एका चित्रपट प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्य काढले आणि निवृत्तीनंतर ते पुण्याला राहायला आले. त्यांच्या माळ्यावर रशियन बनावटीची फिल्म धुण्याची टाकी होती. तिच्या आत चकलीच्या वेढ्यांसारखी चक्री असते. मिट्ट काळोखात बोटांनी चाचपत सगळी पट्टी त्या वेढ्यांत अशी बसवायची, की एक वेढा दुसऱ्याला चिकटता कामा नये. काकांनी हे काम न्हाणीघरात, दाराच्या फटींना सतरंज्या लावून, डोळे मिटून केले. “काळोखात डोळे उघडे ठेवले की हात गोंधळतात,” ते म्हणाले.

आपल्या ओळखीची फोटोची फिल्म धुतली की उलटे चित्र मिळते, पांढरे ते काळे आणि काळे ते पांढरे. या फिल्मवर मात्र थेट सुलटे चित्र आणता येते. त्याची रीत अशी. पहिल्या विकासकात प्रकाश लागलेल्या जागी चांदीचे काळे कण तयार होतात. हे झाले उलटे चित्र. मग पोटॅशियम परमँगनेट आणि पातळ गंधकाम्ल यांच्या जांभळ्या पाण्यात ते कण विरघळवून टाकायचे. (आम्ल नेहमी पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही घालू नये, हे काकांनी मुलीकडून तीनदा म्हणवून घेतले.) मागे उरते ते प्रकाश न लागलेले क्षार. सल्फाइटच्या द्रावात फिल्म निवळवून घेतली की दिवा लावायचा, त्या क्षारांना मुद्दाम उजेड दाखवायचा आणि फिल्म दुसऱ्या विकासकात घालायची. आता ते क्षार काळे होतात आणि सुलटे चित्र उभे राहते. शेवटी स्थिर करणारे द्रावण आणि भरपूर पाणी. नोव्हेंबरच्या रात्री पुण्याचे पाणी या कामाला लागते तसेच थंड होते.

वाळवायला ती लांबच लांब पट्टी वाड्याच्या गच्चीत, कपड्यांच्या दोऱ्यांवर अलगद सोडली. सकाळी शेजारच्या काकूंनी हाक मारून विचारले, “हे कसले पापड?”

दोन दिवसांनी काकांनी पट्टी मधोमध चिरून जोडली आणि आपला जुना प्रोजेक्टर घेऊन ते वाड्यावर आले. बिऱ्हाडांत सामानाची बांधाबांध सुरू होती. चौकात खोक्यांवर बसून लोकांनी तो सिनेमा पाहिला. पडदा म्हणून आजोबांचे एक धोतर ओट्यावर ताणून बांधले होते.

पहिली काही सेकंदे नुसता पांढरा लखलखाट. फिल्मच्या टोकांना उजेड लागतोच. मग पाटी आली आणि शिक्षक उठून उभे राहिले. बंब आला आणि मंडळींनी हसून तोंडाला पदर लावला. जिन्यातला अंधार फिल्मला पेलला नाही. काळोखातून एक दोर तेवढा लोंबत होता. “बरोबर आहे,” मुलगी म्हणाली, “जिना असाच आहे.” रहाट फिरला. आईचा हात ठिपके टाकत गेला, आणि आई स्वतःकडे पाहून म्हणाली, “किती भरभर काढते गं ही बाई!” शेवटी दोन पाट, दोन भाऊ आणि मध्ये ताईचे तबक. कोपऱ्यात एक बारीक केस चौकटीत अडकून सगळा वेळ नाचत होता. दादा आपल्याशीच काही बोलतो, मी मान वळवून उत्तर देतो, दोघेही हसण्याच्या बेतात येतो आणि पुन्हा लखलखाट.

दादा मागे उभा होता. म्हणाला, “परत लाव.”

चार मिनिटांचा तो सिनेमा त्या रात्री पाच वेळा लागला. वाटणीचा प्रश्न त्याने सुटला नाही. तो पुढे वकिलांनीच सोडवला आणि त्यात दोघांच्याही मनासारखे सगळे झाले नाही. पण ती बोलणी आम्ही समोरासमोर बसून केली. डिसेंबरात वाडा उतरवला, तेव्हा आम्ही दोघे रस्त्याच्या पलीकडे उभे होतो.

तुमच्या माळ्यावर

तुमच्या माळ्यावरही एखादा असा कॅमेरा किंवा बिस्किटांच्या डब्यात ठेवलेली आजोबांची रिळे असतील. तसे असेल तर दोन गोष्टी करा. डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्मचा ॲसिटेटचा पाया कुजू लागला आहे असे समजा. तशी रिळे चांगल्या रिळांपासून वेगळी करून थंड, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवा आणि लवकर जाणकाराकडून उतरवून घ्या. कुजलेले रीळ सुधारत नाही, त्यावरचे चित्र तेवढे वाचवता येते. आणि जुना प्रोजेक्टर सापडला म्हणून घाईने रीळ त्यात घालू नका. आकसलेली फिल्म त्याच्या दात्यांवर फाटते.

कॅमेरा असेल तर चावी भरून कान लावा. एका सुरात चालला तर तो अजून तुमची वाट पाहतो आहे. एक रीळ मागवा. खर्च होईल, हे खरे. एका रिळाच्या पैशांत चार माणसे हॉटेलात चांगली जेवतात. पण त्या रिळाचे जे चित्रण होते त्याहून जास्त मोल आधीच्या पंधरवड्याचे आहे. आपल्या घरात जपण्यासारखे काय आहे, या प्रश्नावर घरातली सगळी माणसे एका ताटाभोवती बसून भांडतात, हे दृश्य आता फार दुर्मिळ झाले आहे. आणि त्या भांडणात, अठ्ठावीस वर्षे एका छपराखाली राहिलेल्या माणसाच्या मनात एक बंब होता, हे कळते.

आमच्या तात्पुरत्या फ्लॅटमध्ये फ्रिजच्या दारात, लिंबांच्या शेजारी, दुसरे रीळ येऊन बसले आहे. ‘एकच रीळ’ म्हणणाऱ्या मंडळींनीच ते पाडव्याला मागवले. २५० सेकंद कोरी आहेत. काय घ्यायचे यावर अजून एकमत नाही. दादाचे म्हणणे वेगळेच आहे आणि ते सांगायला तो दर रविवारी कोथरुडाहून येतो.